कानाखालची गाठ आणि माझी शीळ

“शीळ घाला,” डॉक्टर म्हणाले.

मला वाटलं, हा माणूस माझी चेष्टा करतोय. सांगलीचा एवढा मोठा दवाखाना, आजूबाजूला कण्हणारी माणसं, नर्सबाई उभ्या, आणि तिथं शीळ? पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. आधी त्यांनी मला कपाळाला आठ्या घालायला लावल्या होत्या. मग डोळे घट्ट मिटायला लावले, गाल फुगवायला लावले. आता शीळ म्हणे.

मी धनगर. आटपाडीच्या वरच्या अंगाला आमचं गाव. नाव बिरू. शीळ घालायला मला कुणी शिकवलं नाही, चालायला लागलो तशी ती आली. माझी शीळ ऐकली की दोन रानांपलीकडची मेंढरं माना वर करायची. आणि त्या दिवशी मी ओठांचा चंबू केला, तर उजव्या कोपऱ्यातनं नुसती हवा गेली. फुस्स. परत केलं. परत फुस्स. माझी बायको हौसा दाराशी उभी होती, तिनं तोंड फिरवलं.

डॉक्टर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. “पॅरॉटिड ट्यूमर,” असं म्हणाले आणि माझं तोंड बघून मराठीत सांगायला लागले. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या मागं, लाळ तयार करणारी एक ग्रंथी असते. तिचं नाव पॅरॉटिड. ट्यूमर म्हणजे गाठ. आणि त्या ग्रंथीच्या पोटातनंच चेहऱ्याची नस जाते, तिला फेशियल नर्व्ह म्हणतात. डोळा मिटणं, हसणं, घोट तोंडात धरणं, शीळ घालणं, सगळा कारभार तिच्याकडं.

“साधी गाठ नसेला सहसा त्रास देत नाही,” डॉक्टर म्हणाले. “तुमची शीळ गेली, म्हणजे गाठीनं नस धरली आहे. हे लक्षण चांगलं नाही.”

“चांगलं न्हाई म्हंजी काय वो?” हौसानं विचारलं.

“कॅन्सर असू शकतो. काढून तपासल्याशिवाय सांगता यायचं नाही.”

हौसा खाली फरशीवर बसली. मी मात्र तिथंच बसून ओठ दाबून बघत राहिलो. कॅन्सर हा शब्द मला तेव्हा नीट कळलाच नव्हता. शीळ गेली एवढंच कळलं होतं.

हे मी लिहितोय ते ज्यांच्या कानाखाली अशी गाठ आहे त्यांच्यासाठी. मी गोडगोड बोलणारा माणूस नाही. राग आला तर येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

गाठ आली तेव्हा बोराएवढी होती. दुखणं नाही, ठणका नाही. बोटानं ढकलली की कातडीखाली इकडंतिकडं सरकायची. मी चारचौघांना दाखवली. जो तो म्हणायचा, “आरं, ही तर लय जणांस्नी आसती.” शेजारच्या गावच्या गिरणीवाल्याला होती. माझ्या चुलत आत्याला होती, ती गाठीसकट म्हातारी होऊन मेली. झालं, माझा जीव भांड्यात पडला. जे सगळ्यांनाच असतं त्याला काय भ्यायचं? गाठ लिंबाएवढी झाली तसा मी पटका जरा खाली बांधायला लागलो. वर्षामागून वर्षं गेली. एवढी वर्षं ती नुसती बसून होती म्हणून मला तिची सवय झाली.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या हंगामात आम्ही मेंढरं घेऊन साताऱ्याकडं उतरलो होतो. शेतकरी आपल्या रानात रात्रभर मेंढरं बसवून घेतो, लेंडीमुताचं खत होतं, बदल्यात आम्हाला धान्य मिळतं. तिथं एका सकाळी मेंढरं कुणाच्यातरी हरभऱ्यात शिरत होती म्हणून मी शीळ घातली. शीळ फुटली नाही. मेंढरं खुशाल आत गेली. रानाच्या मालकानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि मी आपला येड्यासारखा तोंडावर हात धरून उभा. दुपारी चहा प्यायला तर तोही उजव्या कोपऱ्यातनं सदऱ्यावर सांडला.

माझा मामा आमच्याबरोबर होता. मेंढराच्या हनुवटीखाली सूज आली की मामा विळा लालबुंद तापवून डाग द्यायचा, आणि त्यातली किती मेंढरं मी स्वतः उठून चरताना बघितलीत. मामानं माझी गाठ चाचपली. म्हणाला, “मेंढराला गुन येतो, तर तुला का यायचा न्हाई? बस खाली.”

मी बसलो. घोंगड्याचं टोक दातात धरलं. विळा टेकला तेव्हा माझ्याच कातडीचा वास माझ्या नाकात गेला. हौसा रडत होती आणि मामाला शिव्या देत होती, दोन्ही एकदम. जखम भरली, पण वरची कातडी गाठीला चिकटून बसली. आता गाठ बोटानं सरकेना.

मामाला कुणी अडाणी म्हणू नका. मेंढरातलं त्याला जे कळायचं ते मला सात जन्मात कळणार नाही. फक्त मी मेंढरू नव्हतो, हे त्याच्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही. सांगलीच्या डॉक्टरांनी तो डाग बघितला आणि कपाळाला हात लावला. आता गाठीबरोबर ती कातडीही काढावी लागणार होती.

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर एक हवालदार होते. पलटणीतनं पेन्शनीत आलेले, वाईजवळच्या गावचे, मिशीला पीळ भरणारे. त्यांच्याही कानाखाली गाठ, फक्त डाव्या बाजूला. मला आत आणलं तेव्हा त्यांनी मान वाकडी करून बघितलं.

“काय गड्या, तुजीबी तीच का? ये, ये. आता आपली पलटन झाली.”

त्यांची गाठ माझ्यापेक्षा मोठी होती, पण हलायची. आणि शीळ? अहो, शीळ तर असली घालायचे की नर्सबाई पळत यायच्या. पलटणीतल्या बिगुलाची धून. डॉक्टरांनी त्यांनाही शीळ घालायला लावली होती, तेव्हापासून त्यांना नादच लागला. माझा जळफळाट व्हायचा.

“आवं हवालदार, बास करा की,” मी म्हणायचो.

“का रं? तुज्या मेंढरांस्नी सांगावा धाडतोय, मालक बरा हाय म्हनून.”

मला हसू यायचं. हसलो की माझं तोंड डावीकडंच पळायचं.

एक दिवस हवालदारांनी डॉक्टरांना अडवलं. “सायेब, आमच्या गावात आनी चौघांस्नी हाय ही गाठ. ह्याच्या भागातबी हाय म्हनतोय. पान्यात काय दोष हाय का? आमच्या दोन जिल्ह्यांतच ही लय हाय का?”

डॉक्टर थांबले. म्हणाले, “खरं सांगू का, ही गाठ विरळच. तुम्ही दोघं शेजारी आलात म्हणून तुम्हाला ती जास्त वाटते. इतक्या लांबलांबची माणसं या एका दवाखान्यात येतात. पण तुमच्या भागात खरोखर किती जणांना आहे, ते मलाही माहीत नाही. जे येतात तेवढेच आम्ही मोजतो. आणि गावात कानाखाली दिसते ती प्रत्येक गाठ लाळेच्या ग्रंथीचीच असते असंही नाही. कुणाची क्षयाची असते, कुणाची आणखी कसली. बघितल्याशिवाय कोण सांगणार?”

हे माझ्या बरोबर डोक्यात बसलं. संध्याकाळी मेंढरं वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत घेताना आम्ही एकेक मोजतो. काट्यात अडकून मागं राहिलेलं मेंढरू त्या मोजणीत येत नाही. ते असतं कुठंतरी, ओरडतही असतं. पटक्याखाली, पदराखाली झाकलेल्या गाठींचं तसंच.

आधी माझं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “नस वाचली तर वाचवीन. पण गाठीनं ती गिळली असेल, तर गाठीबरोबर कापावी लागेल. मग उजवी बाजू परत हलणार नाही.”

मी काही बोलायच्या आत हौसा म्हणाली, “जीव ऱ्हाऊ द्या डाक्टर. त्वांड न्हाई हाललं तरी चालंल. बोलायचं काम मी करीन.”

भूल उतरली तेव्हा पहिल्यांदा उजवा डोळा झोंबला. मिटायला गेलो तर मिटेना. हनुवटीपासून डोक्यापर्यंत पट्टी, आणि तोंड ओढल्यासारखं डाव्या बाजूला. हौसानं माझ्याकडं बघितलं आणि लगेच पाण्याचा तांब्या शोधायला लागली. तांब्या तिच्या हातातच होता.

नस गेली होती. गाठीनं ती पुरती गिळली होती.

हवालदार माझ्यासाठी चहा घेऊन आले. बशीनं त्यांनी तो माझ्या तोंडाला लावला, आणि सगळा माझ्या मानेवरनं उशीवर गेला. त्यांनी आपल्या पंच्यानं माझं तोंड पुसलं. पुसता पुसता त्यांचा हात थांबला. माझ्या न मिटणाऱ्या डोळ्याकडं ते बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी शीळही घातली नाही.

मला त्यांचं मन कळलं होतं. मला ओरडून सांगायचं होतं, हवालदार, तुमची नस चांगली हाय, तुमची गाठ हालती हाय, तुमचं असं व्हायचं न्हाई! पण तोंडातनं नुसतं फफफ आलं. ते म्हणाले, “पड रं, पड. बोलू नगंस.” सकाळी त्यांची खाट रिकामी होती. वळकटी बांधून, कुणाला न सांगता निघून गेले होते.

डॉक्टर एवढे चिडलेले मी कधी बघितले नव्हते. “त्यांची गाठ साधी दिसत होती,” म्हणाले. “आम्ही मिक्स्ड ट्यूमर म्हणतो. आत्ता काढली असती तर चेहऱ्याला बहुतेक काही झालं नसतं.” मग माझ्याकडं वळून हळू म्हणाले, “तुमचीही आधी साधीच असणार. बरीच वर्षं तशीच ठेवली की त्यातली एखादी अशी उलटते.”

माझा रिपोर्ट आला. मॅलिग्नंट. म्हणजे पसरणारी, कॅन्सरची. सांगलीहून मला मुंबईला लाईट घ्यायला पाठवलं. लाईट म्हणजे रेडिएशन, डोळ्यांना न दिसणारे किरण गालावर सोडतात. दुखत काही नाही, पण नंतर तोंड कोरडं पडतं आणि भाकरी मातीसारखी लागते. त्या बाजूला दाढी आजही उगवत नाही. तेवढे दिवस हौसा एकटीनं मेंढरं राखत होती. निम्मी विकावी लागली, एकटीच्या हातात ती राहीनात.

परत आलो आणि खरं आजारपण मग सुरू झालं. रात्री उजवा डोळा फडक्यानं बांधायचा, नाहीतर धूळ जाऊन लाल व्हायचा. पुढं डॉक्टरांनी त्याचा कोपराच शिवून टाकला. घास उजव्या गालात अडकून बसायचा, बोटानं काढायला लागायचा. काही महिन्यांनी नवीनच थेर. भाकरी चावायला लागलं की उजव्या गालावर घाम! डॉक्टर म्हणाले, लाळेकडं जाणारे तुटलेले धागे घामाच्या ग्रंथींना जाऊन जुळले, असं होतं, घाबरू नका. मी घाबरत नव्हतो, मला लाज वाटायची. चारचौघांत जेवायचं मी सोडलं. आणि मेंढरं माझी राहिली नाहीत. ती हौसाच्या हाळीला वळायची. मी मागनं काठी घेऊन चालायचो.

बाजारात माझ्याकडं बोट दाखवून लोक सांगायचे, “बघ, कानाखाली चाकू लावला की आसं हुतंय.” पूर्वी जी माणसं मला आपली गाठ दाखवायची, तीच आता मला बघून पटका खाली ओढायची. माझं तोंड दवाखान्याच्या विरुद्धची दवंडी झालं होतं.

पुढच्या हंगामात आमचा तळ साताऱ्याजवळ पडला. तिथून मी एसटीनं वाईला गेलो आणि हवालदारांचं गाव शोधून काढलं. म्हटलं, आता मला थोडंफार बोलता येतंय, त्यांना हाताला धरून सांगलीला नेतो. घर सापडलं. दारात त्यांची बायको होती. मोकळं कपाळ बघूनच मला कळलं.

मी कोण ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. “तुमीच का ते,” म्हणाल्या. “तुमचं त्वांड बघून आलं, आन् तवापास्नं दवाखान्याचं नाव काढू दिलं न्हाई. मी मेलो तरी माज्या त्वांडानं मरंन म्हनायचं. गाठ फुटली हो. शेवटाला पानीबी गिळवंना.”

त्यांनी मला चहा दिला. कोपऱ्यातनं सांडला, तर त्यांनीच फडकं आणून दिलं. त्यांनी मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. एसटीत बसल्यावर मी ठरवलं, आता हे तोंड कुणाला दाखवायचं नाही. घोंगडं डोक्यावरनं असं ओढायचं की नाकाशिवाय काही दिसू नये.

आष्ट्याला आम्ही एका घराच्या रानात दर साल मेंढरं बसवतो. बागायतदार घर, उसाची जमीन. धाकटे मालक पलटणीत, त्यांची बायको शालनवैनी घर सांभाळते. धान्य घालायला तीच यायची. त्या साली हौसा तिच्याबरोबर बोलत बसली आणि परत आली ती घाबरीघुबरी होऊन.

“वैनीला हाय,” ती म्हणाली. “पदराखाली. आवळ्यायेवढी.”

मी म्हटलं, “तूच सांग तिला सांगलीला जायला. मला नगं फुडं करूस. हवालदारांचं काय झालं ठावं हाय न्हवं?”

हौसानं सांगून बघितलं. वैनीची सासू आडवी आली. “गाठीचं काय घिऊन बसलीयास? आमच्या सासूलाबी हुती, लय जनींस्नी आसती.” तेच शब्द. वर ती हेही म्हणाली की धनगराची गत बघ आणि मग जा.

दुसऱ्या दिवशी वैनी स्वतः रानात आली, मागनं सासू. मी घोंगडं ओढून बांधाकडं तोंड करून बसलो.

“बिरूदादा,” वैनी म्हणाली, “हिकडं बगा. मला बगू द्या तुमचं त्वांड.”

“नगं वैनी.”

“मला बगायचं हाय.”

काय करणार? मी घोंगडं मागं टाकलं. भर उन्हात ती माझ्याकडं बघत राहिली. शिवलेला डोळा, लोंबलेला गाल, मानेपर्यंतचा व्रण. तिची नजर हलली नाही.

“ह्ये डाक्टरनं क्येलं?” तिनं विचारलं.

तेव्हा मात्र माझं डोकं सटकलं. दोन वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. “डाक्टरनं न्हाई वैनी! गाठीनं क्येलं. माजी शीळ दवाखान्यात जायच्या आदीच गेली हुती. सगळ्यांस्नी आसती, सगळ्यांस्नी आसती म्हनत मी बसून ऱ्हायलो. डाक्टरनं माजा जीव तेवढा ठिवला. तुमी शीळ घालून बगा. फुटली तर अजून येळ हाय, उद्याच्या उद्या सांगली गाठा.”

“शीळ?” सासू ओरडली. “बाईमानसानं? घरात इडापिडा आनायची हाय का?”

वैनीनं शीळ घातली नाही. पदर ओढून घरी गेली. मी हौसाला म्हटलं, गेलं, हिचंही हवालदारांसारखंच होणार. त्या रात्री मला भाकरी गेली नाही.

पण वैनी सांगलीला गेली. नवऱ्याला पलटणीत कळवून, त्याचा होकार आल्यावर सासूलाही बरोबर घेऊन. आम्ही पलूसच्या बाजूला होतो तेव्हा निरोप आला, ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली. मिक्स्ड ट्यूमर. तोंडाचं काय, ते निरोप आणणाऱ्याला माहीत नव्हतं. मी हौसाला म्हटलं, मेंढरं वळव, आष्ट्याला चल.

आम्ही पोचलो तेव्हा वैनी बांधावर उभी होती. पदर नीट डोक्यावर. कानापुढनं मानेकडं गेलेला व्रण अजून लाल होता. तिनं आम्हाला बघितलं आणि हसली. दोन्ही बाजूंनी हसली! परक्या बाईच्या तोंडाकडं असं टक लावून बघू नये, मला कळतं ते. पण मी बघतच राहिलो.

“डाक्टरनं समदं तपासलं,” ती म्हणाली. “डोळं मिटून, गाल फुगवून. शेवटाला म्हनाले, शीळ घाला. मी म्हनलं, हितं न्हाई घालायची. आष्ट्याला जाऊन घालीन.”

आणि सासू शेजारी उभी असताना तिनं ओठांचा चंबू केला. पहिल्यांदा नुसती फुंकर आली. मग तिनं ओठ ओले केले आणि परत फुंकलं. बारीक, वाकडीतिकडी, पण शीळ.

रानातल्या मेंढरांनी माना वर केल्या. किती दिवसांनी त्यांनी शीळ ऐकली होती. म्हातारी मेंढी आधी वळली, मग बाकीची, आणि सगळी बांधाकडं चालायला लागली.

“फुरं झालं गं आता,” सासू म्हणाली, पण पदरानं डोळे पुसत होती.

माझा उजवा डोळा कायमच गळतो, त्याचं काही नाही. त्या दिवशी डावाही गळत होता. मी तोंडावर घोंगडं ओढलं नाही.

“वैनी,” मी म्हटलं, “आनी एकडाव घाला.”